जीवामृताचा ड्रम आणि अध्यक्षपद

सेंद्रिय शेतीला सरकार अनुदान देतं, ही गोष्ट मला सरकारनं सांगितली नाही, तात्यासाहेबांनी सांगितली. तात्यासाहेब म्हणजे शहराच्या कडेला, पडेगावात, आमच्या शेजारच्या रो-हाऊसमध्ये राहणारे निवृत्त गृहस्थ. कोणत्या खात्यातून निवृत्त झाले हे त्यांनी कधी स्पष्ट केलेलं नाही, पण प्रत्येक खात्यात आपला एक माणूस आहे असं ते सांगतात. त्या माणसाची आणि माझी गाठ अजून पडायची आहे.

"काकासाहेब," ते एका उन्हाळी सकाळी कंपाउंडवरून म्हणाले, "पिशोरला तुमची जमीन आहे ना? मग बसलात काय? शेतकऱ्यांचा गट करा. गटाला गांडूळखताची शेड मिळते, प्रमाणपत्र मिळतं, पुढं मालावर प्रक्रिया करायला यंत्रसुद्धा मिळतं. अनुदानाचा पाऊस पडतोय, आणि तुम्ही छत्री उघडून उभे!"

मी छत्री मिटायचं ठरवलं.

इथं माझ्याविषयी थोडं सांगायला हवं. मी वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. माझ्या सहीशिवाय तिथला साधा वॉशरसुद्धा कपाटाबाहेर पडत नाही. ज्यानं उभा जन्म दुसऱ्यांच्या चिठ्ठ्यांतल्या चुका काढण्यात घालवला, त्याला सरकारी अर्ज काय जड जाणार? राहता राहिली शेती. तर पिशोर हा माझा गाव, जन्म तिथलाच, आणि त्या भागातली अद्रक तर नावाजलेली. पुण्याकडचे लोक तिला आलं म्हणतात. म्हणोत बिचारे. त्यांच्या चहात ती असते कुठं?

माझी योजना साधी होती. गटानं बिनखताची, म्हणजे बिनरासायनिक खताची अद्रक पिकवायची, तिच्या वड्या करायच्या आणि त्या शहरात विकायच्या. वड्या माझी बायको सुरेखा फार सुंदर करते. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे समोरच्याला उत्साह आला की ती आधी उत्तर तपासते.

"म्हणजे अद्रक सुदर्शन भाऊजी पिकवणार," ती म्हणाली, "वड्या मी करणार. आणि तुम्ही?"

"मी गटाचा अध्यक्ष."

"अध्यक्ष काय करतो?"

"पद म्हणजे जबाबदारी असते, सुरेखा."

"हो, म्हणूनच विचारलं."

त्याच संध्याकाळी मी कार्डं छापायला टाकली. 'अध्यक्ष, भूमिपुत्र सेंद्रिय शेतकरी गट (नियोजित).' त्यातलं 'नियोजित' अगदी बारीक अक्षरात छापायला सांगितलं होतं. छापणाऱ्यानं ते इतकं मनावर घेतलं की मुंगी मरून पडल्यासारखं दिसत होतं.

रविवारी पिशोर गाठलं. सुदर्शन माझा चुलतभाऊ. आमची वाटणीची जमीनही तोच कसतो. नांगरट झालेल्या रानात तो ढेकळं फोडत उभा होता. मी त्याला कार्ड दिलं. त्यानं ते उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं आणि खिशात ठेवलं.

"आता युरिया बंद," मी जाहीर केलं.

"दादा, अद्रक हाय ह्ये," सुदर्शन म्हणाला. "भजन नाय. तिला खायाला लागतं."

"शेणखत घाल की."

"शेण कुठून आणू? बैल इकले, ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टर शेण टाकीत नाय."

हा मुद्दा माहितीपत्रकात नव्हता. मी गांडुळांविषयी, जिवाणूंविषयी आणि जपानमधल्या एका शेतकऱ्याविषयी बोलायला लागलो. सुदर्शननं सगळं ऐकून घेतलं. मग कुदळ खाली ठेवून तो शांतपणे म्हणाला, "दादा, तुमचा पगार येतो. माझं ह्येच हाय. ह्ये बसलं तर म्या काय खाऊ, प्रमाणपत्र?"

खरं तर तिथं मी गप्प बसायला हवं होतं. पण माझा स्वभाव आत्मविश्वासाचा आहे. "माझ्यावर सोड," मी म्हणालो. आणि गंमत बघा, त्यानं सोडलं! कोठ्यात आणून ठेवलेली युरियाची पोती त्यानं माझ्यासमोर गाडीवर टाकली आणि दुकानदाराला परत देऊन आला. घरी परतताना ती पोती माझ्याच डोक्यावर ठेवल्यासारखं मला वाटत होतं.

खताचा प्रश्न बानाबाईनं सोडवला. आमच्या बांधाला लागून तिचं वावर आहे. घरची मेंढरं आहेत; नवरा मुंजाबा ती घेऊन दिवाळीनंतर मुलूख फिरतो आणि उन्हाळ्याच्या अखेरीस परततो. मेंढरं रात्रीची रानात बसवली की लेंड्या आणि मूत जागच्या जागी रानाला मिळतं, त्याच्यासारखं खत नाही. बानाबाई साठीच्या पुढची, आवाज असा की तिकडं ती मुंजाबाला हाक मारते आणि इकडं भलतीच माणसं थांबतात.

"बसवू की मेंढरं," ती म्हणाली. "ज्वारी द्यायची, चहापत्ती-साखर द्यायची, कुत्र्याला भाकर द्यायची. आन् त्या गटात मला बी घ्यायचं."

गटातली शेतं एकमेकांना लागून असावीत असा नियम होता, त्यामुळे तिला घेण्यावाचून गत्यंतरही नव्हतं. पण मी तसं दाखवलं नाही. मोठ्या मनानं तिला सभासद करून घेतलं आणि तिलाही एक कार्ड दिलं. तिनं ते डोळ्यांपासून लांब धरून वाचलं.

"आद्यक्ष," ती म्हणाली. "कोण?"

"मी."

"पाव्हणं?"

इथं एक दुखरी गोष्ट सांगतो. पिशोरात मला सगळे पाव्हणं म्हणतात. ज्या गावात मी चिंचा पाडल्या, विहिरीत बुडता बुडता वाचलो, त्या गावात कोणाच्याही दारात गेलो की आतून आवाज येतो, 'अगं, पाव्हणं आले, च्या टाक!' चहा चांगला असतो. पण माणसाला काही स्वाभिमान असतो की नाही?

असो. अर्ज भरायला बसलो. काकासाहेब हे माझं पाळण्यातलं नाव आहे, पदवी नव्हे. पण माझ्या आधार कार्डावर कोण्या एका सद्गृहस्थानं 'काका' आणि 'साहेब' यांच्यात बोटभर जागा सोडलेली आहे. आजवर त्या जागेनं मला काही त्रास दिला नव्हता. संगणकानं मात्र ती बरोबर हेरली. पहिलं नाव: काका. वडिलांचं नाव: साहेब. आडनावाच्या रकान्यात माझे खरे वडील, उत्तमराव, जाऊन बसले, आणि आडनावाला उभं राहायलाही जागा उरली नाही. सातबाऱ्यावर काकासाहेब अखंड. दोन वेगळी माणसं आहेत, असा शेरा मारून अर्ज परत आला.

मी कार्यालयात गेलो. तिथल्या लिपिकाला माझं म्हणणं पटलं. पण पटून उपयोग नव्हता.

"तुम्ही हेच आहात हे मला दिसतंय," तो म्हणाला, "पण सिस्टिमला दिसत नाही."

मग मी शपथेवर लिहून दिलं की काका आणि काकासाहेब ही एकच व्यक्ती असून साहेब नावाच्या कोणत्याही इसमाशी माझ्या आईचा संबंध नव्हता. नोटरीनं हे शेवटचं वाक्य खोडायला लावलं. माझ्या मते ते आवश्यक होतं.

त्यातून बाहेर पडतो न पडतो तोच मेंढ्यांचा रकाना आला. 'खताचा स्रोत: मेंढ्या. संख्या:' आणि पुढं मोकळी चौकट. मी बानाबाईला फोन लावला.

"मेंढरं मोजून सांगत नसतेत," ती म्हणाली.

"का?"

"नजर लागती."

"अहो, संगणकाला आकडा लागतो."

"मंग त्याला म्हणावं, ये इथं आन् मोज. कुत्रं सोडते."

मी मुंजाबाला विचारून पाहिलं. तो म्हणाला, बानाबाईला विचारा. मी पुन्हा लिपिकाकडं गेलो. अंदाजे लिहा, तो म्हणाला. अंदाजे लिहिलं तर खाली 'वरील माहिती खरी आहे' अशी सही मी कशी करू? मग लिहू नका, तो म्हणाला. रकाना रिकामा ठेवला तर पान पुढं सरकत नव्हतं. आम्ही दोघं बराच वेळ त्या चौकटीकडं बघत बसलो. शेवटी त्याला सुचलं.

"कळप किती आहेत?"

"एक."

"मग एक लिहा, संपलं!"

मी एक लिहिलं. पान सरकलं. घरी येऊन तात्यासाहेबांना सांगितलं, तर त्यांचा चेहरा उतरला.

"घात केलात. सरकारदरबारी आता अशी नोंद झाली की सबंध शिवाराला एका मेंढीनं खत घातलं. चौकशी लागणार."

"तुमचा माणूस आहे ना त्या खात्यात?"

"आहे. पण तो सध्या रजेवर असतो."

चौकशी लागली. पण सरकारी चाल ती. ती यायला पावसाळा उलटला. तोवर अद्रक लावून झाली, उगवली, चांगली ढोपराएवढी झाली, आणि मग एक दिवस सुदर्शनचा फोन आला.

"दादा, पानं पिवळी पडू राह्यली."

"थोडं थांब."

"शेजारचं रान हिरवंगार हाय. लोक बांधावरून बघत जाते. काल एक जण म्हणला, सुदर्शन, अद्रक लावली का हळद?"

त्याच्या आवाजात राग नव्हता, ते फार वाईट होतं. रागावलेल्या माणसाला मी समजावू शकतो. स्टोअरमध्ये रोज समजावतो. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी उठून मी जीवामृत करायचं ठरवलं.

जीवामृत म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती पाण्यात कालवून आंबवायचं. ते पिकाला दिलं की जमिनीतले जिवाणू कामाला लागतात. सुदर्शननं ते केलं असतं, पण अध्यक्षानं काहीतरी स्वतः करून दाखवावं असं मला वाटलं. पडेगावातल्याच एका गवळ्याकडून शेण आणि गोमूत्र आणलं आणि आमच्या गच्चीवर निळ्या ड्रमात काठीनं ढवळायला लागलो. तिसऱ्या घरच्या बाईंनी वाळत घातलेले कपडे आत घेतले. चौथ्या घरच्यांनी टाकी साफ करणाऱ्याला बोलावलं. तात्यासाहेबांनी खिडकीतून, नाकाला रुमाल लावून, मला उत्तेजन दिलं.

आणि नेमकी तेव्हाच तपासणीची तारीख आली. तपासायला सत्यशीला मॅडम येणार होत्या. कृषी पदवीधर, वयानं तरुण, आणि कडक म्हणून प्रसिद्ध. पण कार्यालयाची गाडी दुरुस्तीला गेलेली.

"सोनं झालं!" तात्यासाहेब म्हणाले. "तुमच्या गाडीतून न्या. आणि मागच्या सीटवर बसवा. पुढं बसलेला अधिकारी रस्ता बघतो, मागं बसलेला अधिकारी विचार करतो."

तयार जीवामृत शेतावर दाखवता यावं म्हणून ड्रममधलं एका मोठ्या कॅनमध्ये भरलं आणि गाडीच्या डिकीत ठेवलं. आमची गाडी लहान. डिकी म्हणजे मागच्या सीटच्या पाठीमागची जागा. सुरेखा म्हणाली, "वास येईल."

"येणार नाही," मी म्हणालो. इथं माझं ज्ञान कामाला आलं. झाकणाखाली रबराचं पॅकिंग घातलं, वरून सील लावलं, त्यावर क्लॅम्प आवळला. आमच्या कारखान्यातल्या टाक्यांना असं काम करून घ्यायला बाहेरून माणूस बोलवतात. खरंच सांगतो, वासाचा कणसुद्धा बाहेर येत नव्हता.

"आंबतंय ना ते आत?" सुरेखानं विचारलं.

"आंबू दे की."

ती काही तरी हिशेब करत राहिली, पण तिची शाळेची वेळ झाली होती.

मॅडम वेळेवर आल्या. अबोली रंगाची कडक इस्त्रीची साडी, मांडीवर फाइल. मी त्यांना मागं बसवलं. पडेगाव सुटलं, दौलताबाद आलं. किल्ल्याच्या पायथ्याशी रस्ता जुन्या दरवाजातून जातो, आणि त्या दरवाजातून एका वेळी एकच मोठं वाहन जातं, हे सगळ्यांना माहीत आहे; तरीही प्रत्येक वाहन आपणच ते एक आहोत असं समजून घुसतं. पर्यटकांची बस इकडून, उसाचा ट्रॅक्टर तिकडून. आम्ही अडकलो. ऑक्टोबरचं ऊन काचेतून आत ओतत होतं. मागं कुठंतरी 'कुर्र' असा बारीक आवाज झाला.

"काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"गाडीचं काम काढायचंय," मी म्हणालो.

पुन्हा 'कुर्र'. मग थोडी शांतता. आणि मग गाडीत बार झाला. झाकण छताला आदळलं, आणि आठवडाभर आंबलेलं, सकाळपासून कोंडलेलं जीवामृत मागून पुढं असं आलं, जशी शाळा सुटल्यावर पोरं येतात. पुढच्या सीटवर ते माझ्या पाठीपर्यंतच पोहोचलं. मागं बसवलेल्या माणसाला मात्र काही कमी पडलं नाही.

मी आरशात बघायचं धाडस केलं. मॅडमनी दोन बोटांनी डोळ्यांवरचं निपटलं, ती बोटं नाकाजवळ नेली आणि म्हणाल्या, "गूळ जास्त झालाय."

शेजारच्या रिक्षावाल्यानं मान आत घातली आणि तितक्याच वेगानं बाहेर काढली. "क्या चाचा, गाडी में क्या मर गया क्या? नक्को ऐसा करू, आगे बढ़ाव!" त्यानं ओरडून सगळ्यांना बाजूला केलं. ट्रॅक्टर मागं सरला, बस कडेला झाली. त्या दरवाजातून इतक्या मानानं कोणाची गाडी गेलेली मी तरी पाहिली नाही.

"परत जाऊया का?" मी विचारलं.

"आता परत जाऊन मी घरी काय सांगू?" मॅडम म्हणाल्या. "चला पिशोरला. तिथं पाणी असेल ना?"

पुढच्या सगळ्या रस्त्यात आम्ही चारही काचा उघड्या ठेवल्या. मला त्यांची माफी मागायची होती, पण तोंड उघडायची सोय नव्हती.

पिशोरला सुदर्शनच्या आईनं, म्हणजे माझ्या चतुराकाकूंनी, सगळा प्रकार एका नजरेत ओळखला. मॅडमना न्हाणीत नेलं, गरम पाणी दिलं आणि स्वतःचं हिरवं नऊवारी लुगडं नेसवलं. मॅडम बाहेर आल्या तेव्हा एक म्हातारी त्यांना विचारत होती, "तू कोणाची गं?"

त्याच वेशात त्यांनी तपासणी केली. आधी मेंढरं. कळप बघून त्यांनी सवयीनं बोट पुढं केलं आणि मोजायला सुरुवात केली. बानाबाईनं ते बोट धरून खाली केलं. दोघींनी एकमेकींकडं बघितलं. मॅडमनी फाइलमध्ये लिहिलं, 'कळप: एक.'

मग अद्रकीत शिरल्या. पिवळं पान उलटं करून बघितलं, वाफ्यात हात घालून माती चाचपली. सुदर्शन बाजूला उभा होता. त्यानं श्वास धरला आहे हे मला त्याच्या पाठीवरून कळत होतं.

"पहिलं वर्ष आहे," मॅडम म्हणाल्या. "रान सवय बदलतंय. वाफ्यात पाणी जास्त साचतंय, ते काढून द्या. जीवामृत सुरू करा, गूळ बेतानं. कंद धरलाय, घाबरू नका."

सुदर्शननं श्वास सोडला. "खरं का, मॅडम?"

"मी खोटं कशाला सांगू? मला काय तुमच्या दादांची भीती आहे?"

सगळे हसले. मीही हसलो. आता सगळं जमलं होतं. विहिरीजवळ सतरंजी टाकली होती, सभासद बसले होते, माझ्या गळ्यात घालायचा हार मी गाडीतून आणला होता. जरा वास येत होता, पण झेंडू तो झेंडूच.

"गटाची स्थापना नोंदवून घेऊ," मॅडम म्हणाल्या. "अध्यक्ष कोण?"

मी उभा राहिलो.

"तुम्ही राहता कुठं?"

"पडेगावला. पण माझा जन्म..."

"अध्यक्ष गावात राहणारा पाहिजे. रोज शेतावर असणारा. नियम आहे." त्या ओशाळल्यासारख्या झाल्या. "तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

ज्यानं सांगायला हवं होतं, तो माणूस रजेवर होता.

"मग दुसरं कोणी सुचवा," मॅडम म्हणाल्या.

मी सुदर्शनकडं बघितलं. निदान अध्यक्षपद घरात राहील. सुदर्शन म्हणाला, "मला नका घालू. बानाबाईला करा. ती बोलली का बाजारात व्यापारी बी ऐकतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणी हातही वर केले नाहीत. जणू हे त्यांच्यात आधीच ठरलेलं होतं आणि फक्त पाव्हण्यांना माहीत नव्हतं. हार बानाबाईच्या गळ्यात गेला. तिनं तो हुंगला, तोंड वाकडं केलं आणि घालून घेतला.

मी शांतपणे उठलो. अर्जाची, नकाशांची, प्रतिज्ञापत्रांची सगळी फाइल काखेत मारली आणि गाडीत जाऊन बसलो. संकेतस्थळाचा पासवर्ड फक्त मला माहीत होता. ज्यांना अध्यक्ष नको त्यांनी तो ओळखून काढावा, असा एक विचार माझ्या मनात आला, आणि तो मला बराच वेळ आवडला. नोटरीपुढं आईच्या चारित्र्याची ग्वाही देणारा मी! गच्चीवर शेण ढवळणारा मी!

खिडकीशी बानाबाई आली. पदरानं नाक दाबलेलं.

"रुसले व्हय?"

"नाही."

"मंग हितं काहून बसले? ह्या वासात रुसल्याबिगर कोण बसतंय?"

मी काखेतली फाइल आणखी घट्ट धरली.

"हे बघा," ती म्हणाली, "तुमी चालले तर जा. सुदर्शन उद्या युरिया आणीन. त्याची बी चूक नाय, तो घाबरेल हाय. कागद तुमच्याबिगर कोणाला उलगडत नाय. गट मोडला तर मोडला. पर मंग आमच्या मेंढरानं तुमच्या रानात काय झक मारली?"

मी विहिरीकडं बघितलं. सुदर्शन सतरंजीवर नव्हता. तो अद्रकीच्या वाफ्यात उतरला होता आणि मॅडमनी सांगितलं तसं, हातानंच, साचलेल्या पाण्याला वाट करून देत होता. माझी वाट न बघता. त्याला वाटलं असणार, दादा येतील. तो उन्हाळ्यापासून तसंच समजून चालला होता.

मी गाडीतून उतरलो.

"सचिव गावात राहिला नाही तर चालतं का, ते विचारा," मी म्हणालो.

"इचारलं," बानाबाई म्हणाली. "चालतं."

गटाला मंजुरी आली. संक्रांतीनंतर अद्रक काढली. शेजारच्या रानापेक्षा कमी निघाली, पण कंद असा घट्ट आणि तिखट, की पुढच्या वर्षीही युरिया आणायचा नाही हे सुदर्शननं मला न विचारताच जाहीर केलं. त्यातली पोतंभर पडेगावला आली. सुरेखानं वड्या केल्या. त्या संपतात तशी ती पुन्हा करते, आणि हल्ली तिच्या शाळेतल्या बाई आधी पैसे देऊन नंबर लावतात. वडी चघळत तात्यासाहेब म्हणाले, मत्स्यपालनालाही फार चांगलं अनुदान आहे. मी दार लावून घेतलं.

गटाची पहिली रीतसर बैठक चतुराकाकूंच्या ओट्यावर झाली, दुसरीही तिथंच. पहिलीचं इतिवृत्त दुसरीत वाचायचं असतं, आणि ते लिहिणं हे सचिवाचं काम. मी रात्र घालवून ते मोठ्या सुवाच्य अक्षरात लिहून नेलं होतं. बानाबाई चौथी पास आहे, पण चष्मा घरी राहिला म्हणाली, तेव्हा मीच वाचून दाखवलं. गांडूळखताच्या शेडची जागा ठरली, ते वाचलं. पाण्याच्या पाळ्या ठरल्या, ते वाचलं. मग ओघात पुढचं वाक्य आलं: "मा. सचिव श्री. काकासाहेब यांनी गटाच्या उभारणीसाठी केलेल्या अथक परिश्रमांबद्दल सभा त्यांचे ऋण व्यक्त करते."

सुदर्शन आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघायला लागला.

"ह्ये कव्हा ठरलं?" बानाबाईनं विचारलं.

"ते आपलं... लिहिण्याच्या ओघात आलं."

"खोडा."

मी पेन उघडलं. रेघ ओढायला हात खाली नेला, तोच तिनं माझं मनगट धरलं.

"थांबा. 'अथक' येवढंच खोडा. थकले तर तुमी लई येळा." तिनं सुदर्शनकडं बघितलं, त्यानं मान डोलावली. "परिश्रम राहू द्या."

मी 'अथक' खोडलं, आणि अध्यक्षांनी खाली सही केली.